ऑपरेशननंतरची पहिली लघवी



२०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तेव्हा साखरेच्या धंद्यातील माणसांना हा विषय परका नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी-सुना नवी मुंबईत राहतात. त्यांच्याकडे उतरून गावाकडच्या बायका वाशी, नेरूळ, कामोठे येथील इस्पितळांत ऑपरेशन करून घेतात. रोग्याजवळ बसणाऱ्या बाईसाठी हा छोटा धडा.

लघवी का अडते?

पाठीत दिलेल्या भुलीने मूत्राशय काही काळ बधिर राहतो. टाके दुखतात, काही वेदनाशामक औषधांनी लघवीची जाणीव मंदावते, शौचाला खडा होतो. त्यात लाज! वॉर्डात माणसं असली की बाई लघवी दाबून धरते, पाणी प्यायचंच सोडते. हे घातक आहे.

मदत कशी करावी?

१. नळी काढल्याची वेळ लिहून ठेवा. चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी.
२. डॉक्टरांनी परवानगी दिली की थोडं थोडं पाणी द्या.
३. दुखत असेल तर आधी सिस्टरांना सांगा. दुखणं कमी झालं की लघवी सुटते.
४. आडोसा करा. शक्य तर कमोडवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले, अंग किंचित पुढे. पहिल्यांदा उठताना चक्कर येते, म्हणून धरून न्या. आतून कडी लावू देऊ नका.
५. नळ सोडा, हात कोमट पाण्यात ठेवायला सांगा. घाई नको. कुंथू नये, पोट दाबू नये.
६. लघवी झाल्यावर जरा थांबून पुन्हा प्रयत्न करू द्या.
७. पहिली लघवी भांड्यात घ्या, सिस्टरांना दाखवल्याशिवाय ओतू नका.

केव्हा सांगावे?

सहा तासांत लघवी झाली नाही, ओटीपोट फुगून दुखू लागलं, किंवा नुसती थेंब थेंब गळते आहे, तर लगेच सांगा. थेंब गळणं म्हणजे लघवी मोकळी झाली असं नव्हे. भरलेला मूत्राशय ओसंडत असतो. फार ताणला तर तो अशक्त होतो. सोनोग्राफीने आत किती लघवी उरली ते कळते. पुन्हा नळी घालावी लागली तरी घाबरू नये, बहुतेकींचं थोड्या दिवसांत सुरळीत होतं.

घरी गेल्यावर थंडी-ताप, जळजळ, रक्ताच्या गाठी, किंवा अंगावरून सतत पाणी गळणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुरुष मंडळींनीही हे वाचावं. "लघवी झाली का?" हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.