कामावर दुखापत झाल्यास : उपचार, नोंद आणि नुकसानभरपाईचा हक्क

यंत्रात हात सापडणे, परांचीवरून पडणे, विजेचा धक्का बसणे, रसायनाने भाजणे अशा प्रसंगी कुटुंबीयांची पहिली धाव रुग्णालयाकडे असते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वेळी केसपेपरवर जे लिहिले जाते, त्यावर पुढील नुकसानभरपाई बऱ्याच अंशी अवलंबून असते. ‘घरी पडल्याने जखम’ अशी नोंद झाली, तर अपघात कामावर घडल्याचे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून योग्य उपचार आणि खरी नोंद ही दोन्ही पहिल्याच दिवसाची कामे समजावीत.

१. प्रथमोपचार
• रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. जखमेत रुतलेली वस्तू ओढून काढू नये.
• तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. ती पिशवी बर्फात ठेवून रुग्णासोबतच न्यावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.
• डोळ्यात रसायन गेल्यास किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.
• विजेचा धक्का बसलेल्यास स्पर्श करण्यापूर्वी वीजप्रवाह बंद करावा.
• उंचावरून पडलेल्या व्यक्तीची मान व पाठ हलू देऊ नये.
• तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.

२. नोंद कशी करावी
अपघात कोठे, किती वाजता आणि कोणते काम करताना झाला, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे व केसपेपरवर लिहून घेण्याची विनंती करावी. सोबत आलेला मुकादम वा ठेकेदार वेगळी हकीकत सांगत असेल, तर रुग्णाने किंवा नातेवाइकाने तेथेच दुरुस्ती सुचवावी. मालकास अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी व तिची पोच घ्यावी. केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिले, वेतनचिठ्ठी, हजेरीचा पुरावा आणि साक्षीदार सहकाऱ्यांची नावे एकत्र जपून ठेवावीत.

३. कायद्याने मिळणारे संरक्षण
भारतात या हक्काचा पाया १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने घातला. त्यांच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्रित करण्यात आल्या आहेत.

वेतनातून राज्य विम्याची ०.७५ टक्के वर्गणी कापली जात असल्यास कामगार विमाधारक असतो. कामावरील दुखापतीमुळे तात्पुरती असमर्थता आल्यास त्यास उपचार आणि वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने रोख लाभ मिळतो. विमाधारकास त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही.

विमा नसल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे व काम करीत असताना झाला, एवढे दाखविणे पुरेसे असते. ठेकेदाराकडील कामगारासही मुख्य मालकाकडे मागणी करता येते. नशेत असणे किंवा सुरक्षेची साधने हेतुपुरस्सर काढून टाकणे अशा कारणांवरून मालक काही दावे नाकारू शकतो. मात्र मृत्यू किंवा कायमची पूर्ण असमर्थता आल्यास ही सबब चालत नाही.

४. रक्कम कशी ठरते
मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, तर कायमच्या पूर्ण असमर्थतेसाठी ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. उदाहरणार्थ, वय ३५ वर्षे (गुणक १९७.०६) आणि वेतन १२,००० रुपये असल्यास पूर्ण असमर्थतेची रक्कम १४,१८,८३२ रुपये होते. अंगठा गमावल्यास असमर्थता ३० टक्के धरली जाते. त्याच कामगारास त्यापोटी सुमारे ४,२५,६५० रुपये देय होतात. म्हणून पाच-दहा हजार रुपये हातावर ठेवून ‘आता कोणतीही मागणी उरलेली नाही’ अशा कागदावर सही मागितल्यास ती करू नये. हा हक्क सोडून देण्याचा करार कायद्यास मान्य नाही. मृत्यूची भरपाईही मालकाने परस्पर न देता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते.

५. हळूहळू जडणारे आजार
दगडफोड, खाणकाम किंवा स्लेट-पेन्सिलच्या कारखान्यातील धुळीमुळे होणारा सिलिकोसिस, कापसाच्या धुळीमुळे होणारा श्वसनविकार, शिशाची विषबाधा आणि सततच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा हे कायद्याने मान्य केलेले व्यावसायिक रोग आहेत. ते अपघाताप्रमाणेच भरपाईस पात्र ठरू शकतात. दीर्घकाळ खोकला किंवा धाप असल्यास क्षयरोगाच्या तपासणीबरोबरच आपण कोणते काम किती वर्षे केले, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सध्याचे काम वेगळे असले, तरी पूर्वीच्या कामाची माहिती निदानास उपयोगी पडते.

६. दाद कोठे मागावी
विमाधारकाने राज्य विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयाकडे, तर इतरांनी नुकसानभरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पत्त्यासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी. अर्जाची मुदत सर्वसाधारणपणे अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांची असते. परराज्यात अपघात झाला असल्यास दावा आपल्या राहत्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्याकडेही दाखल करता येतो. त्यासाठी गावाहून पुन्हा कामाच्या ठिकाणी जाण्याची आवश्यकता नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते.

दुखापत लपवू नये, उपचार अर्धवट सोडू नयेत आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. हे माहितीपत्रक वाचून झाल्यावर कामावर जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांसही द्यावे.