आधी पाण्याची पातळी, मग व्हॉल्व्ह

खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने लावलेला माणूस मला हमखास विचारतो, "स्किमरचा कप भरतच नाही, व्हॉल्व्ह किती फिरवू?" मी त्याला आधी संप उघडायला सांगतो, म्हणजे टँकखालची ती टाकी, जिच्यात पाण्यातली घाण फेसाबरोबर कपात काढणारा स्किमर बसतो.

१. स्किमरच्या आतली पातळी बाहेरच्या पातळीवर चालते. संपमध्ये ठेवायच्या बऱ्याच स्किमरना १८ ते २५ सेंटिमीटर पाणी लागतं. नेमका आकडा माहितीपत्रकात असतो. बाष्पीभवनाने पाणी थोडं उतरलं तरी फेस खाली बसतो. म्हणून स्किमर पक्क्या आडभिंतीच्या कप्प्यात हवा. पाणी जास्त खोल असेल तर खाली ॲक्रिलिकचा स्टँड द्यावा.

२. नव्या स्किमरच्या प्लॅस्टिकवर तेलकट थर असतो. सुरुवातीचे काही दिवस स्किमर कधी फेसच धरत नाही, कधी नुसता उतू जातो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून त्याला चालू द्यावं.

३. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आवळला की आतलं पाणी चढतं आणि फेस ओला होतो. किंचित फिरवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. त्या वेळात कपाची मान न्याहाळा. खाली दुधाळ, बारीक बुडबुडे असतात. मानेच्या तळाशी ते मोठे होऊ लागतात, एकमेकांना रेटत सावकाश वर सरकतात आणि फुटताना काचेसारख्या भिंतीवर तपकिरी कडं सोडतात. ते कडं दिसलं की व्हॉल्व्ह विसरा.

४. फेस दाट हवा की पातळ, यावर शौकीन तासन्‌तास भांडतात. मला कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आवडतं. बुडबुड्याला चिकटलेली प्रथिनं कुजून नायट्रेट होण्याआधीच बाहेर पडावीत, एवढ्यासाठी तर स्किमर आहे. काळा, चिकट गाळ मानेतच वाळत राहिला तर काय उपयोग? पण ओल्या फेसाबरोबर मीठही जातं आणि ऑटो टॉप-अप त्या जागी गोडं पाणी भरतो. रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा ३५ पीपीटीच्या आसपास आहे ना, हे दर आठवड्याला बघावं.

५. मान दोन-तीन दिवसांनी पुसा. तिथल्या चिकट थरावर फेस चढत नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा धरतो, तो कोमट पाण्याने सुटतो. इम्पेलरला अधूनमधून व्हिनेगरची अंघोळ.

६. फ्रोझन खाणं टाकलं की फेस कोसळतो आणि काही तासांत परत येतो. उलट, कोरल चिकटवायची एपॉक्सी किंवा काही औषधं पडली की कप धो-धो भरतो. दोन्ही वेळा नेहमीची सेटिंग मोडू नका. उतू जात असेल तर तेवढ्यापुरता कप काढा, पण हवा चालू राहू द्या. माशांना तो ऑक्सिजन हवाच असतो.

७. स्किमर खोलीतलीच हवा ओढतो. बंद एसी खोलीत माणसं जास्त असली की कार्बन डायऑक्साइड वाढून पाण्याचा पीएच उतरतो. हवेची नळी खिडकीबाहेर काढली की फरक दिसतो. डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे मारायचा असेल तर स्किमर आधी बंद करा, खोली मोकळी झाल्यावरच लावा.

८. लाईट गेली की वरच्या टँकमधलं पाणी संपमध्ये उतरतं. लाईट आल्यावर पातळी चढलेलीच असते आणि स्किमर त्याच क्षणी सुरू झाला तर घाण कपातून परत संपमध्ये, नाहीतर फरशीवर. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचं हे येणं-जाणं रोजचंच. स्किमरच्या प्लगला उशिरा चालू करणारा टायमर लावावा. रिटर्न पंपाने पाणी वर नेऊन पातळी जागेवर आणली की मगच स्किमरने सुरू व्हावं.