लिमात जेवायला निघण्यापूर्वी

पेरूला जाणारी आपली माणसं माचू पिचूची तिकिटं काही महिने आधी काढून ठेवतात आणि लिमा शहर मात्र विमान बदलण्यापुरतं धरतात. खाण्यात थोडाही रस असेल तर हा बेत बदला. जगातल्या सर्वोत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत २०२३ साली लिमाचं ‘सेन्त्राल’ पहिलं आलं आणि २०२५ साली त्याच शहरातलं ‘माइदो’. तिथं टेबल मिळणं कठीण आणि बिल झेपणं त्याहून कठीण. आपल्यासारख्यांना परवडणारा मार्ग म्हणजे गाईडबरोबर पायी हिंडत खायचं, ज्याला फूड टूर म्हणतात. पण ही टूर पारखून घ्यावी लागते. लिमातली एक टूर आम्हाला आजारी पाडून गेली आणि दुसरीमुळे तिथल्या जेवणाची गोडी लागली, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

आजारी पाडणारी टूर संध्याकाळची होती. माझी वहिनी पक्की शाकाहारी. जाहिरातीत शाकाहाऱ्यांची सोय असल्याचं लिहिलं होतं, तरी आम्ही पुन्हा विचारून घेतलं. ‘काहीच काळजी नको’ असं उत्तर आलं. बारांको भागात ठरल्या जागी पोचलो तर दोन-तीन गट एकत्र करून वीस-पंचवीस जणांची फौज उभी. गाईडचं बोलणं मागच्यांना ऐकू येईना. प्रत्येक थांब्यावर आधी पिस्को या तिथल्या दारूचा पेला, मग दोन घास, की लगेच ‘चला, चला’. वहिनीपुढे पापा रेयेना आलं. दिसायला थेट बटाटेवडा, गरमागरम, वर कांद्याचं लोणचं. तिनं एक घास मोडला आणि बशी माझ्याकडे सरकवली. ‘अगं, बघ बरं यात काय आहे. मला हे सारण बरोबर दिसत नाही.’ बटाट्याच्या पारीत खिमा होता, उकडलेलं अंडं होतं, मनुका होत्या. गाईडला विचारलं तर म्हणाला, ‘मांस अगदी थोडंसंच आहे.’ वहिनीनं उरलेली संध्याकाळ तळलेल्या बटाट्यांवर काढली.

रात्री आठच्या पुढे सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात कालवलेली कच्ची मासळी, आली. आधीच कालवून फ्रीजमध्ये ठेवलेलं, मासळी वातड झालेली आणि लिंबाचा कडवटपणा पुढे आलेला. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी दोघंही आडवे. हॉटेलातल्या बाईंनी ओआरएसचं पाणी आणून दिलं आणि रात्री सेविचे खाल्लं हे ऐकून कपाळाला हात लावला.

का, ते पुढच्या टूरमध्ये कळलं. ही सकाळची होती, सात-आठ जणांची, मिराफ्लोरेसला लागून असलेल्या सुर्कियोच्या बाजारातून सुरू होणारी. गाईड एक तरुण मुलगी. तिनं आधी मासळीची रांग दाखवली, मग तिथल्याच एका गाळ्यापुढे उंच स्टुलांवर बसवलं आणि म्हणाली, ‘आता नुसतं बघा.’ गाळ्यावरच्या बाईनं मासळीचे पेराएवढे तुकडे केले, मीठ चोळलं, उभा चिरलेला आणि धुतलेला लाल कांदा टाकला, तिखट आही लिमो मिरची बारीक चिरून घातली. मग लिंबं. ही लिंबं म्हणजे आपली कागदीच, तीच जात. बाईनं प्रत्येक फोड अर्धवटच पिळून टाकून दिली, कारण शेवटपर्यंत पिळलं की सालीचा कडवटपणा उतरतो. दोन-चार मिनिटं कालवलं की थाळी तयार: बाजूला उकडलेलं रताळं, टपोऱ्या दाण्यांचा मका आणि खारवून भाजलेले मक्याचे दाणे. तळाशी उरलेला पांढुरका रस पेल्यात ओतून प्यायचा. त्याला लेचे दे तिग्रे म्हणतात.

पूर्वी मासळी लिंबात तासन्‌तास मुरवत. हा वेळ मिनिटांवर आला तो जपानी हातांमुळे. १८९९ साली ‘साकुरा मारू’ जहाजातून जपानी मजूर पेरूत उतरले आणि कच्च्या ताज्या मासळीची पारख त्यांच्या स्वयंपाकातून लिमाच्या जेवणात शिरली. लिंबानं मासळी पांढरी होते, घट्ट होते, पण जंतू मात्र शिजवल्यासारखे मरत नाहीत. म्हणून सगळा भरवसा ताजेपणावर. पहाटे बोटी येतात, दुपारी सेविचे होतं आणि बहुतेक सेविचेरिया दुपार उलटली की बंद होतात. ही शिस्त लिमाकर पाळतात. पर्यटकांसाठी मोडतात ते टूरवाले. १९९१ साली पेरूत कॉलरा पसरला तेव्हा याच पदार्थाची धास्ती देशभर बसली होती. तरी लोकांनी तो टाकला नाही. २०२३ साली युनेस्कोनं सेविचेची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

टूर बाजारातून सुरू होण्याचा फायदा इथं समजतो. हॉटेलात समोर आलेल्या पिवळ्या रश्शाचा थांग लागत नाही. बाजारात आही आमारिल्यो ही नारिंगी, बोटभर लांबीची मिरची हातात घेऊन वास घेतला, की मग बटाट्यावर ओतलेल्या चीजच्या वांकाइना सॉसमध्ये आणि कुस्करलेल्या बटाट्याच्या कौसामध्ये तीच ओळखू येते. तिथंच एक सावधगिरीचा इशाराही मिळाला. ढोबळी मिरचीसारखी गोल, लाल, गोंडस दिसणारी रोकोतो मिरची दिसली तर आधी कापून बघा. आत काळ्या बिया असतील तर लवंगी मिरचीला सरावलेल्यांनीही जपून.

फळांच्या गाळ्यावर मात्र आपण घरच्यासारखे होतो. चिरिमोया हे सीताफळाचंच भावंड, आग्वायमान्तो म्हणजे रसभरी. बटाटा, मिरची, टोमॅटो, शेंगदाणा हे सगळं दक्षिण अमेरिकेच्या मातीतलं, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलं आणि त्यातलं बरंचसं आपल्या उपासाच्या ताटातही जाऊन बसलं. वहिनीनं शेंगदाण्यांचा ढीग बघून गाईडला हे सांगितलं तेव्हा त्या मुलीनं चटकन वही काढून टिपून घेतलं.

आता टूर ठरवताना काय बघायचं, ते सांगते.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी लिहून विचारा. गटात जास्तीत जास्त किती जण? सुरुवात बाजारातून आहे का? सेविचे किती वाजता आणि समोर कालवून देणार का? दारू वगळली तर काय देणार? उत्तरं मोघम आली तर दुसरी टूर शोधा. ‘इतक्या चवी, तितके थांबे’ अशा आकड्यांना भुलू नका. थांबे वाढले की बसून समजून घ्यायला वेळ उरत नाही.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. तिथं अनेकांच्या लेखी चिकन किंवा हॅम हे मांसात धरलं जात नाही. चिकन नको, मासे नको, मांसाचा रस्साही नको, असं एकेक नाव घेऊन सांगा आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. भाज्यांचं सूपही बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजतं. भरवशाचं म्हणजे आवोकाडो भरलेला कौसा, मका आणि चीज, वांकाइना सॉसमधला बटाटा (वरचं अंडं काढायला सांगा) आणि रताळं-भोपळ्याच्या तळलेल्या कड्यांवर गुळाचा पाक ओतलेले पिकारोनेस. कडी कशात तळली, तेही विचारा. पिस्को सावरवर जो फेस असतो तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा. तो नको असेल तर जांभळ्या मक्याचं, दालचिनी-लवंग घातलेलं चिचा मोरादा मागवा. त्यात दारू नसते.

मांसाहाऱ्यांनी भाजलेल्या आन्तिकुचोच्या सळईवर काय आहे ते आधी जाणून घ्यावं: ते बैलाचं हृदय असतं. गुलामीत आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या चुलीवरून हा पदार्थ लिमाच्या रस्त्यांवर आला. बीफ वर्ज्य असेल तर लोमो साल्तादोही टाळा. सोया सॉसमध्ये परतलेलं हे गोमांस, सोबत तळलेला बटाटा आणि भात. १८४९ पासून आलेल्या चिनी मजुरांची ती देणगी. त्यांच्या चिफा खानावळींत भाजी घालून परतलेला भात मिळतो, पण तिथंही अंडं-कोंबडीचं विचारून घ्या. कुई म्हणजे गिनी पिग. तो मुख्यतः डोंगराळ भागातला आणि बहुधा डोक्यासकट ताटात येतो. मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा.

नळाचं पाणी पिऊ नका, तिथल्या चलनाचे, म्हणजे सोलचे, सुटे पैसे खिशात ठेवा, बाजारात पिशवी पुढे घ्या. आणि कुस्कोच्या विमानाच्या आदल्या दिवशी टूर ठेवू नका. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथं पोचताना पोट हलकं आणि डोकं जागेवर असलेलं बरं.

लिमात उतरल्यावर पहिल्या मोकळ्या सकाळीच टूर करा. मिरच्या, मका, मासळी एकदा ओळखीची झाली की पुढचे दिवस दुपारचं ठरीव जेवण, मेनू देल दिया, कुठल्याही साध्या खानावळीत स्वस्तात आणि निर्धास्त जेवता येतं. पाटीवर काय लिहिलंय ते वाचता येणं, एवढ्यासाठीच गाईडचे पैसे मोजायचे असतात.