कीबोर्ड गेला, गिटार उरली

यंदा आमच्या पार्टनरला वायडी लागली. तो घरी गेला आणि जाताना कीबोर्डही घेऊन गेला. गॅदरिंगला कोल्डप्लेचं ‘क्लॉक्स’ वाजवायचं आमचं गेल्या वर्षीच ठरलेलं. २००२ च्या अल्बममधलं हे गाणं, २००४ मध्ये त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमीही मिळालं. (२०२५ च्या जानेवारीत मंडळी नवी मुंबईत येऊन वाजवून गेली. आमच्या तिकिटांचं विचारू नका.) पण अख्खं गाणं उभं आहे पियानोवर, आणि माझ्याकडे फक्त गिटार!

पहिल्या दिवशी सरळ कॉर्ड धरून झोडपायला लागलो. शेजारच्या रूममधून आवाज आला, “कुठलं गाणं रे हे?” कॉर्ड तर बरोबर होते. मग चुकत काय होतं?

कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं. ती धून म्हणजे प्रत्येक कॉर्डचे तीनच सूर, वरून खाली उतरणारे. एका बारमध्ये जागा आठ. तीन-तीनाने आठ भरत नाहीत, म्हणून तीन, तीन आणि दोन. तोंडाने म्हणा, ‘तकिट तकिट तक’, आणि पायाने सरळ चार ठोके द्या. या ओढाताणीतच सगळी गंमत आहे. दोन दिवस मेसच्या रांगेत मी ताटावर हेच बडवत होतो.

मूळ पट्टी ई फ्लॅटची. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि डी, ए मायनर, ए मायनर, ई मायनर असा एकेक बार वाजवा. तारा बारीक तारेकडून मोजायच्या, फ्रेट कॅपोपासून. छेडायच्या तारा दुसरी, तिसरी, चौथी, याच क्रमाने. डीला फ्रेट ३, २, ४. ए मायनरला १, २, २. ई मायनरला दोन तारा मोकळ्या, चौथीवर २. डी नेहमीसारखा धरू नका. तर्जनी तिसऱ्या तारेवर, मधलं बोट दुसरीवर, अनामिका चौथीवर.

खरी मेख पेडलची. पियानोवर पेडल दाबलं की सूर एकमेकांत मिसळत राहतात. गिटारवर बोट उचललं की सूर मेला. म्हणून बार संपेपर्यंत बोटं दाबूनच ठेवायची. मूळ वेग मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास आहे, मी ७० पासून सुरुवात केली.

काल रात्री पार्टनरला फोन लावून ऐकवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तिसऱ्या बारला घाई करतोस.” खरंय, ए मायनर दुसऱ्यांदा आला की माझा धीर सुटतो. गॅदरिंगला येतोय तो. कीबोर्ड मात्र आणणार नाही म्हणाला.