घरून काम आणि आपलं गाव : ‘स्थलांतर’ शिकवताना



स्थलांतराची कारणं दोन प्रकारची : गावातून ढकलणारी आणि शहराकडे ओढणारी. यवतमाळच्या मुलांना ती लगेच समजतात. पाऊस दगा देतो, कापसाला भाव मिळत नाही, हे ढकलणं. पुण्या-नागपूरची नोकरी, हे ओढणं. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. तरी शिकलेलं लेकरू बाहेर जाणार, हे आपण धरूनच चालतो.

२०२० मध्ये काय बदललं?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत आयटी कंपन्यांचं काम घरून सुरू झालं. हिंजवडीतलं काम पुसद, वणीतूनही करता येऊ लागलं. नोकरी तिथे घर, हा नियम सैल झाला. पगार शहराचा, खर्च गावचा, शिवाय आईवडील जवळ! टीसीएसने तर २०२५ पर्यंत २५ टक्केच कर्मचारी ऑफिसात लागतील, असं जाहीर केलं होतं. पण ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं.

यातून काय समजतं?

१. कुठून काम करायचं, हे शेवटी कंपनी ठरवते. त्या भरवशावर कर्ज काढून गावात घर बांधणं जोखमीचं.

२. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल, तर पुण्याची नोकरी यवतमाळात राहून जमत नाही. सुमारे १५० किमीवरच्या नागपूरच्या मिहानमधली कदाचित जमेल. म्हणजे फायदा मोठ्या शहराजवळच्या गावांना जास्त.

३. परतणारं कुटुंब चार गोष्टी बघतं : वीज, इंटरनेट, दवाखाना आणि शाळा. चौथी आपल्या हातात आहे.

४. कापूस वेचणं, वीटभट्टी, ऊसतोड ही कामं घरून होत नाहीत. ज्यांना गाव सोडायचं नसतं, त्यांनाच दिवाळीनंतर सोडावं लागतं, आणि त्यांच्यासोबत आपल्या हजेरीपटावरची मुलंही जातात. लॅपटॉपवाल्याच्या परतण्याचं कौतुक करताना हे विसरू नये.

वर्गातला उपक्रम

प्रत्येकाने गावाबाहेर कामाला गेलेल्या एका माणसाची माहिती आणावी : काम कोणतं, कुठे, ते घरून होईल का, नसेल तर का नाही? फळ्यावर दोन रकाने करा आणि नोंदी भरा. कोणता रकाना मोठा झाला, यावर मुलांनाच बोलू द्या. तुमच्या वर्गातलं उत्तर आम्हालाही जरूर कळवा.