धम्मपाठ : संकटग्रस्तांची सेवा कशी करावी?

उपासक-उपासिकांनो,

करुणा हा शब्द आपण विहारात नेहमी ऐकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पण भूकंप, पूर किंवा युद्ध यांत सापडलेल्यांना पाहून डोळ्यांत पाणी आले, एवढ्याने करुणा पुरी होत नाही. मदत कोणाला आधी द्यावी, काय द्यावे आणि ती कोणी द्यावी, हे तीन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला प्रश्न : कोणाला?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह तेथे आले. चौकशी केली तेव्हा कळले, की हा भिक्खू इतरांच्या कधी उपयोगी पडला नाही, म्हणून इतरही त्याच्याकडे फिरकत नाहीत. तथागतांनी पाणी आणवून ते स्वतः ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवले. तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे तथागतांनी पाहिले नाही; त्याची गरज पाहिली.

आता आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक उशिरा निजले होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा जड थर अंगावर कोसळून सुमारे दहा हजार माणसे गेली. लष्कर धावले, देशभरातून मदत आली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्या गावांत घरे कशी दिली? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५०. भूमिहीनालाही पक्के घर मिळाले, ही गोष्ट चांगलीच झाली. तरीही घरात माणसे किती, यापेक्षा सातबाऱ्यावर जमीन किती, हे माप धरले गेले. शेकडो वर्षे ज्यांना जमीन मिळू दिली नाही, त्यांच्या वाट्याला नव्या गावातही लहान घर आले.

दुसरा प्रश्न : कोणी?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतील नागपट्टणम येथे कुजलेली प्रेते उचलण्याचे काम मुख्यतः दलित सफाई कामगारांवर पडले. प्रेत उचलणे हे हलके काम नाही, ती मोठी सेवा आहे. परंतु जे काम सर्वांनी करायचे, ते जातीकडे बोट दाखवून एकावरच टाकले, की त्याची सेवा राहत नाही, वेठ होते.

याउलट पाहा. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली, तेव्हा आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने आणि आसपासच्या बायकांनी दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा केली. त्यातूनच रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धग्रस्त चीनमध्ये गेले आणि तेथील जखमींवर उपचार करता करता १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. त्यांना कोणी वेठीला धरले नव्हते.

तिसरा प्रश्न : काय आणि कसे?

विनयात रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. ते प्रत्येक आपत्तीत लागू पडतात.

१. औषधोपचार करता येणे. नुसती इच्छा पुरत नाही. प्रथमोपचार शिकावा लागतो.

२. हितकर काय, अहितकर काय, हे ओळखून हितकर तेच देणे. फाटके कपडे देऊन घर मोकळे करणे हे दान नव्हे. आधी विचारा, मग द्या.

३. लाभासाठी नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करणे. धान्य देताना घेणाऱ्याचा फोटो काढू नये.

४. मलमूत्र, ओकारी उचलताना किळस न वाटणे. हा गुण सर्वांना सांगितला आहे, एका जातीला नव्हे.

५. वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून धीर देणे. ज्याचे माणूस गेले, त्याच्याजवळ बसणे हीही मदतच आहे.

उद्या खाम नदीला पूर येऊन हर्सूलच्या सखल वस्तीत पाणी शिरले, तर आपण काय करू? विहारात आजच एक वही ठेवा. कोणत्या घरात म्हातारी माणसे, बाळंतीण, अपंग आहेत, हे तीत लिहा. त्यात शेजारच्या सर्व जातिधर्मांची घरे घ्या. आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले होते. आपल्या हातून पाणी वाटले जाईल तेव्हा कोणीही तहानलेला परत जाता कामा नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आजारी भिक्खूकडे इतरांनी दुर्लक्ष का केले? असे कारण आपणही कधी देतो का?

२. किल्लारीची घरे वाटताना तुम्ही कोणते माप धरले असते?

३. सेवा आणि वेठ यांत फरक काय?

जय भीम!