छत्रीविमा : इथे घ्यावा का?

अमेरिकेत असलेल्या आतेभावाने गेल्या वर्षी फोनवर विचारले, "तुझ्याकडे अम्ब्रेला पॉलिसी नाही? उद्या कुणी दावा लावला तर काय करशील?" प्रश्न झोंबला, कारण त्याच सुट्टीत आम्ही पुण्याला असताना इथल्या घरी वॉशिंग मशीनचा पाइप फुटला होता. खालच्या फ्लॅटचे छत आणि सोफा भिजला. परत आल्यावर साडेसात हजार दिरहॅम मी खिशातून भरले. म्हणून थोडा अभ्यास केला, तो सभासदांपुढे ठेवतो. मी विमा एजंट नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

छत्रीविमा म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर गाडीच्या व घराच्या पॉलिसीची मर्यादा संपल्यावर पुढची भरपाई देणारा विमा. अमेरिकेत तो साधारणपणे 10 लाख डॉलरपासून मिळतो. त्याची गरज का पडते हे समजले की आपला प्रश्न निम्मा सुटतो. तिथे गाडीच्या पॉलिसीला इजेसाठीही ठरावीक मर्यादा असते, आणि कोर्टाचा निकाल त्याच्या कितीतरी वर जाऊ शकतो. वरचा फरक माणसाच्या घरादारावर येतो.

आपल्याकडे अमिरातीत गणित वेगळे आहे. 2017 पासून लागू झालेल्या एकसारख्या मोटार पॉलिसीत थर्ड पार्टीच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी कोर्ट जी रक्कम ठरवेल ती कंपनीने द्यायची असते, तिला आकड्याची मर्यादा नाही. अपघाती मृत्यूबद्दल वारसांना द्यायची 'दिया' 2003 च्या कायद्याने 2 लाख दिरहॅम झाली, तीही विम्यातूनच जाते. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी मात्र मर्यादा आहे : एका अपघाताला 20 लाख दिरहॅम. शेख झायेद रोडवरच्या गाड्या पाहता हा आकडा कुणाला लहान वाटेल, पण तो ओलांडायला नशीब फारच वाईट असावे लागते. म्हणजे ज्या खड्ड्यासाठी अमेरिकेत छत्री घेतात, तो इथे बराचसा बुजवलेला आहे.

खरी भोके वेगळीच आहेत. दारू पिऊन गाडी चालवली, किंवा त्या गाडीचे लायसन नसलेल्या माणसाने चालवली, तर कंपनी वारसांना पैसे देते आणि नंतर आपल्याकडून वसूल करू शकते. यावर छत्रीही उपयोगाची नाही, आणि कोर्टाचा दंड तर कुठलाच विमा भरत नाही. भेटीला आलेल्या मेव्हण्याच्या हातात किल्ली देण्याआधी त्याचे लायसन इथे चालते का ते विचारावे, वाईटपणा आला तरी चालेल! दुसरे भोक ओमानचे. खरीफात सलालाहला गाडीने जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. सीमेपलीकडे थर्ड पार्टी विम्यासाठी ऑरेंज कार्ड लागते. ते काही पॉलिसींबरोबर येते, काहींत वेगळे घ्यावे लागते.

तिसरे भोक घराचे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. गाडीचा विमा सक्तीचा म्हणून आपण घेतो. भाड्याच्या घरासाठी सक्ती नाही म्हणून बहुतेक जण काहीच घेत नाहीत. पण आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई आपणच द्यायची, हे तत्त्व इथल्या 1985 च्या दिवाणी कायद्यातच घातलेले होते. पाणी गळले तर हजारांत निभावते. स्वयंपाकघरातून लागलेली आग वरच्या दोन मजल्यांवर गेली तर?

मी छत्री घेतली नाही. घरातील सामानाचा विमा घेतला, ज्यात घरमालकाप्रती भाडेकरूची जबाबदारी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रती वैयक्तिक जबाबदारी, दोन्ही होत्या. ही दोन वेगळी कलमे आहेत. एकच असेल तर दुसरे मागून घ्यावे, आणि रकमा स्वतः वाचाव्यात. सोन्याच्या दागिन्यांचा आकडा पाहण्यात आपण सगळा वेळ घालवतो, जबाबदारीचे कलम शेवटच्या पानावर राहून जाते. ज्यांचा पुढे अमेरिकेला जायचा बेत आहे त्यांनी छत्रीचा विचार तिथे पोचल्यावर करावा.

एक अट मात्र मी सही करण्याआधी दोनदा वाचली : घर सलग ठरावीक दिवसांहून अधिक बंद राहिले तर काही संरक्षणे थांबतात. जुलै-ऑगस्ट भारतात काढणाऱ्यांना हे लागू पडते. आता निघताना मी पाण्याचा मुख्य नळ बंद करतो आणि एक किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवतो.